निग्रहाच्या गोष्टीतून वगळलेली वर्षे

व्यसनमुक्तीवर बोलायला उभे राहणारे काही वक्ते हल्ली रॉबर्ट डाउनी ज्युनिअर या अमेरिकन नटाचे उदाहरण हमखास देतात. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: एक लाडावलेला नट हेरॉइन-कोकेनच्या नादी लागला, न्यायाधीशाने त्याला तुरुंगात धाडले, तिथे त्याचे डोळे उघडले, मग एके दिवशी जवळचा सगळा साठा त्याने समुद्रात फेकून दिला आणि तो 'आयर्न मॅन' चित्रपटाचा नायक झाला. तात्पर्य काय, तर शिक्षा कडक हवी आणि मन खंबीर हवे. उपचार नि समुपदेशन हे श्रीमंतांचे चोचले. ज्यांचे व्यसन सुटत नाही त्यांना ते सोडायचेच नसते, हा यापुढचा हमखास टाळ्या घेणारा निष्कर्ष. ज्या घरात मुलगा तिसऱ्यांदा घसरला आहे, त्या घरातली आई हे ऐकत समोर बसलेली असते, याची वक्त्यांना पर्वा नसते. म्हणूनच या गोष्टीचा समाचार घेणे भाग आहे.

तुरुंगाचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. 'चॅप्लिन' (१९९२) या चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळवलेला हा नट जून १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारी महामार्गावर वेगाने गाडी चालवताना पकडला गेला. गाडीत हेरॉइन, कोकेन आणि पिस्तूल सापडले. महिनाभरातच तो नशेत शेजाऱ्याच्या घरात शिरून तिथल्या मुलाच्या पलंगावर झोपलेला आढळला. न्यायालयाने त्याला परिवीक्षेवर (प्रोबेशन) सोडले आणि अमली पदार्थांची नियमित चाचणी देण्याची अट घातली. ती चुकवली म्हणून १९९७ मध्ये त्याला काही महिन्यांचा तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर व्यसन चालूच राहिले. १९९९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली आणि कॉर्कोरन इथल्या कारागृहात त्याने सुमारे वर्ष काढले. ऑगस्ट २००० मध्ये सुटका झाली. वक्त्यांच्या हिशेबाने इथे डोळे उघडलेले असायला हवेत. प्रत्यक्षात नोव्हेंबर २००० मध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, पाम स्प्रिंग्जच्या हॉटेलात तो पुन्हा पकडला गेला आणि एप्रिल २००१ मध्ये आणखी एकदा. दोनदा तुरुंग झाला आणि दोन्ही वेळा तो पुन्हा घसरला. एखादे औषध दोनदा देऊन दोन्ही वेळा रोग उलटला, तर त्या औषधाच्या नावाने सत्कारसमारंभ भरवणारा वैद्य आपण शहाणा मानू का?

यावर असे म्हटले जाईल की कॉर्कोरनचे ते कारागृह व्यसनोपचारासाठीच होते, नावातही तसे होते. होते ना! मग बरे झाल्याचे श्रेय कोठडीला की उपचारांना, हे आधी ठरवा. आणि उपचारांना श्रेय द्यायचे, तर ते फाटकापाशी का संपावेत, याचेही उत्तर द्या. कैदेत नशा बंद राहते तेव्हा शरीराची ती पचवण्याची ताकद घटते. ओढ मात्र तशीच राहते. सुटल्यावर जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला, तर तो जिवावर बेततो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांच्या जवळपास १३ पट निघाला आणि त्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरिक्त डोस हे होते. डाउनी त्या तीन महिन्यांत मेला नाही हे त्याचे नशीब. त्या नशिबाला तुरुंगाचे कर्तृत्व म्हणणे हे असत्य आहे आणि ते धोक्याचेही आहे.

मग बदल कशाने झाला? नोव्हेंबर २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ३६' मंजूर केले. हिंसा न करता केवळ अमली पदार्थ बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्याला कैदेऐवजी उपचार देणारा हा कायदा जुलै २००१ मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात, पाम स्प्रिंग्जच्या खटल्यात, डाउनीला त्या कायद्याखाली उपचार आणि तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. समुद्रात साठा फेकल्याची गोष्ट २००३ मधली, म्हणजे या सगळ्यानंतरची. न्यायालयाचा धाक त्या उपचारांमागेही होता, हे मान्य. धाकाने माणूस दारापर्यंत येतो हे मी नाकारत नाही. दाराआड कोठडी आहे की दवाखाना, हा माझा प्रश्न आहे.

आता खंबीर मनाकडे वळू. ज्याला वडिलांनीच कोवळ्या वयात गांजा दिला, असे तो स्वतः सांगतो, त्या मुलाकडून आपण कोणत्या निग्रहाचा जाब मागतो? आणि निग्रह पुरेसा असता, तर फिलिप सिमूर हॉफमन आज हयात असता. 'कपोटी'साठी ऑस्कर मिळवलेल्या या नटाने बाविसाव्या वर्षी व्यसन सोडले आणि सुमारे २३ वर्षे नशेला हात लावला नाही. नंतर तो घसरला आणि २ फेब्रुवारी २०१४ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. तेवीस वर्षे संयम पाळणाऱ्याचे मन दुबळे होते, असे म्हणण्याची हिंमत व्यासपीठावरून कोणी करून दाखवावी. आणि उपचार हे श्रीमंतांचे चोचले असतील, तर ते गरिबाला मिळवून द्यायला हवेत. श्रीमंताची ऐपत गरिबाला तुरुंगात टाकण्याचे कारण होऊ शकत नाही.

याच ओघात एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो: नशेनेच कलेला धार येते, यातनांशिवाय असा अभिनय होत नाही. आपल्याकडे नाटक, तमाशा आणि गाण्याच्या बैठकींबद्दल हे पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले, आणि कलावंताच्या माघारी त्याच्या बायकामुलांनी काय सोसले ते बैठकीत कोणी विचारले नाही. 'चॅप्लिन'साठी डाउनी व्हायोलिन शिकला, डाव्या हाताने टेनिस खेळायला शिकला. ती तालीम होती. नशेने दिले ते एवढेच, की दिग्दर्शक वूडी ॲलनला २००४ च्या चित्रपटात तो हवा असूनही त्याचा विमा उतरवायला कोणी तयार नव्हते. मोठ्या निर्मितीत नट मध्येच कोसळला, तर नुकसान भरून द्यायला विमा लागतो. विमा नाही म्हणजे काम नाही.

इथेच माझे म्हणणे सुरू होते, आणि ते साधे आहे. उपचारांना मुदतीचे बंधन नसावे, घसरल्यावरही दार उघडे असावे आणि बाहेर काम असावे. 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह'च्या (२००३) वेळी नट-दिग्दर्शक मेल गिब्सनने डाउनीच्या विम्याची हमी घेतली. 'गॉथिका'च्या निर्मात्याने मानधनातले ४० टक्के काम संपेपर्यंत राखून ठेवले, पण काम दिले. त्याच चित्रपटाच्या वेळी भेटलेली स्त्री पुढे त्याची पत्नी झाली, आणि आपल्या सावरण्याचे मोठे श्रेय तो तिला देतो. २००८ मध्ये 'आयर्न मॅन' आला, डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी त्याला माफी दिली आणि मार्च २०२४ मध्ये 'ओपनहायमर'साठी ऑस्कर मिळाले. त्याचा निश्चय खरा होता, पण तो टिकायला एवढी माणसे आणि एवढी वर्षे लागली. सामान्य घरातल्या मुलाला मेल गिब्सन भेटणार नाही; म्हणून त्याच्यासाठी ही हमी समाजाने आणि सरकारने घ्यायची असते.

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात याची तरतूद आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार असलेल्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते. कलम ३९ न्यायालयाला शिक्षेऐवजी उपचारांसाठी सोडण्याची मुभा देते. समोर बसलेल्या त्या आईला निग्रहाची गोष्ट ऐकवण्याआधी वक्त्यांनी ही दोन कलमे आणि जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता सांगावा. वेळ उरला, तर 'आयर्न मॅन'ची गोष्टही सांगावी, मात्र तारखांसकट.