कॅमेऱ्याचा ताप व आकाशाचा उजेड

मुंबईहून कर्जतीकडे येणाऱ्या लोहमार्गावर वांगणी हें लहानसें स्टेशन आहे. मुंबईच्या खगोल मंडळानें रात्रभरच्या आकाशदर्शनासाठीं हें गांव पसंत केलें, तें तेथील अंधारासाठीं. तसाच अंधार कर्जत-खालापूरकडील कित्येक वाड्यांतून आमच्या विद्यार्थ्यांस घरच्या अंगणांत लाभतो. त्याचा उपयोग करून आकाशाचीं छायाचित्रें घेण्याची हौस कोणास वाटली, आणि त्यासाठीं डिजिटल कॅमेऱ्यास घरच्या घरीं थंडावा देण्याची खटपट त्यानें आरंभिली, तर पालकांनीं तिला पोरखेळ म्हणूं नये, असें आमचें नम्र मत आहे.

थंडावा कशासाठीं, असा प्रश्न साहजिक आहे. कॅमेऱ्यांतील सेन्सरवर प्रकाश पडला म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतात, व त्यांच्या मोजणीवरून चित्र बनतें. परंतु नुसत्या उष्णतेनेंहि इलेक्ट्रॉन सुटतात. प्रकाशाचे कोणते व उष्णतेचे कोणते, हें यंत्रास ओळखतां येत नाहीं. ताऱ्यांसाठीं पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यांत कॅमेरा स्वतःच तापतो, आणि चित्रांत तारे नसलेले लाल-निळे ठिपके उमटतात. साधारणपणें तपमान सहा-सात अंश सेल्सियसनें वाढलें कीं हा खोटा प्रवाह दुप्पट होतो. उलट वीस अंशांचा थंडावा दिला, तर तो सुमारें आठवा हिस्सा उरतो.

यावर पहिला उपाय बिनखर्ची आहे. तारे टिपून झाले कीं भिंगावर झांकण घालून तितक्याच वेळाचीं व तितक्याच तपमानाचीं कांहीं चित्रें घ्यावींत, आणि संगणकावर तीं मूळ चित्रांतून वजा करावींत. ठराविक जागचे ठिपके यानें जातात. जे अनियमितपणें उमटतात, ते मात्र राहतात. तेथें थंडाव्याचें काम सुरू होतें.

१८३४ सालीं झां पेल्तिए या फ्रेंच गृहस्थास, जो धंद्यानें घड्याळजी होता, असें आढळलें कीं, दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज खेळविली असतां सांधा एका दिशेनें गार व उलट दिशेनें ऊन होतो. याच तत्त्वावरची चौकोनी चकती आज सहज मिळते. तिची गार बाजू ॲल्युमिनियमच्या पत्र्यानें कॅमेऱ्याच्या पाठीस भिडवावी, व ऊन बाजूस जुन्या संगणकांतील पंखा बसवावा. पंखा विसरल्यास चकती गार करण्याऐवजीं सर्वच तापवील. आमच्या कोंकणच्या दमट हवेंत गार वस्तूवर पाणी धरतें. म्हणून कॅमेरा बंद पेटींत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. कॅमेरा मात्र कोणीं उघडूं नये. बॅटरी काढल्यावरहि फ्लॅशच्या भागांत सुमारें ३०० व्होल्टचा विजेचा सांठा राहूं शकतो, व त्याचा धक्का घातक आहे.

थंडाव्याची सोय असलेला तयार कॅमेरा विकत घ्यावा, असें कोणी म्हणेल. तो बहुतेक घरांच्या ऐपतीबाहेरचा आहे; परंतु ऐपत असली तरीहि ही खटपट आधीं व्हावी. ज्यानें तपमान वहींत टिपून तेंच चित्र दोनदां घेतलें, त्याला आपल्या यंत्राचा दोष कोणता व आकाशाचें सत्य कोणतें, हें कळूं लागतें. शास्त्राचा खरा आरंभ येथेंच आहे.

प्रभूनें सांगितलेला मुसळाचा व कुसळाचा दृष्टांत येथें आठवतो. कॅमेऱ्यांतला दोष निघाला म्हणजे बाहेरचा स्पष्ट दिसतो. चित्रांतील ठिपके गेले, तरी क्षितिजावरची पिवळी उजळी जात नाहीं. कारण ती दिव्यांची आहे. शेतघरांचे व विश्रामगृहांचे झोत रात्रभर वर आभाळाकडे जळत असतात. त्यांवर कोणतीहि चकती चालत नाहीं. दिव्यावर वरून झांकण बसविणें, व गरज सरतांच तो मालविणें, हाच उपाय. तेव्हां पालकांस विनंती ही कीं, मुलास चकती व पंखा आणून द्यावा, आणि तो अंगणांत पेटी मांडील त्या रात्रीं आपल्या ओटीवरचा दिवा मालवावा; शेजाऱ्यांसहि तसें सांगून पाहावें.