अंगण कधी कधी खरेच वाकडे असते

दशावतारात राक्षस रंगमंचावर येतो तेव्हा मशालीवर राळ फेकतात. भपकन जाळ उठतो आणि पुढच्या रांगेतली पोरे आईच्या पदराआड जातात. आम्हा कोकणातल्या मुलांची राळेशी पहिली ओळख ही अशी. पुढे वर्तमानपत्र वाचू लागलो की ‘टीकेची राळ’ भेटते. माझी आणि राळेची तिसरी गाठ गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पडली.

वाचकांपैकी पुष्कळांनी तो प्रसंग पाहिला आहे. आपल्या वाद्यवृंदात एक डबल बेस आहे. व्हायोलिनच्या घराण्यातला हा सर्वांत धिप्पाड भाऊ, माझ्यापेक्षा वीतभर उंच. तीन गाण्यांखाली खर्जाचे लांब सूर धरायचे एवढेच माझे काम होते. गज तारेवर टेकवला आणि सुराऐवजी शीळ निघाली. पुन्हा ओढला, तर तो साबण लावल्यासारखा घसरला. मागून कोणीतरी ओरडले, “नाचता येईना!” उरलेली म्हण सभागृहाने पूर्ण केली. पुढच्याच आठवड्यात वाद्य निकामी आहे, जागा अडवते, विकून टाकावे, अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, आणि म्हणूनच हा लेख.

दोष वाद्याचा नव्हता. माझाही पुरता नव्हता. दोष राळेच्या वडीचा होता. कपाटात व्हायोलिनची एक जुनी वडी होती, तीच मी गजाला घाशीत होते. राळ ती राळ, असे मलाही वाटत होते.

गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात. नुसते केस तारेवर ओढले तर जवळजवळ आवाजच येत नाही. राळेचा कण लागला की केस तारेला पकडतात आणि आपल्याबरोबर ओढत नेतात. ताण फार झाला की तार निसटून मागे येते, केस तिला पुन्हा पकडतात. डबल बेसच्या सर्वांत खालच्या तारेवर हा प्रकार सेकंदाला सुमारे ४१ वेळा घडतो. गजाने वाजणाऱ्या तारांचे हे गणित चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात बसून मांडले होते आणि १९१८ साली प्रसिद्ध केले होते. नोबेलच्या प्रकाशात त्यांचे हे काम झाकोळून गेले.

आता व्हायोलिनची तार वीत-दीड वीत लांब आणि बारीक. बेसची तार मीटरभराहून लांब आणि तिच्या मानाने दोरखंडच. तिला पकडायला चिकट, मऊ राळ लागते. व्हायोलिनची कडक राळ तिच्यावर नुसती पांढरी भुकटी सांडते. (वाण्याकडे धुपासाठी मिळणारी राळ तर बहुधा सालवृक्षाची. गजाची राळ चीडसारख्या वृक्षांच्या चिकापासून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरते. उगाच प्रयोग करू नयेत.)

हे मला उलगडून सांगितले ते गोव्यातल्या एका वृद्ध वादकांनी. सर एके काळी मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवीत. माझ्या गजावरून त्यांनी नजर फिरवली आणि विचारले, “हे घासतेस की इस्त्री करतेस?” वडी पुढेमागे खसाखसा घासली की ती तापून केसांवर थापली जाते. मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, चारपाच ओढी पुरे. दर वेळी वडी थोडी फिरवावी, म्हणजे तिला चर पडत नाही. केसांना बोट लावायचे नाही, कारण हाताचे तेल लागले की तेवढ्या जागी गज मुका होतो. वाजवून झाल्यावर तारा आणि वाद्याचे अंग कोरड्या फडक्याने पुसायचे. स्पिरिटचा बोळा लाकडाजवळ आणायचासुद्धा नाही, रोगण विरघळते.

निवडीबाबत मात्र माझे स्वतःचे मत झाले आहे. बेसवादकांत ‘पॉप्स’ नावाच्या अमेरिकन वडीचा बोलबाला आहे. ती फार मऊ आणि चिकट. स्वीडनची ‘कार्लसन’ तिच्याहून कडक. ‘कोल्स्टीन’ मऊ, मध्यम आणि कडक अशा तिन्ही जातींत मिळते. थंड, कोरड्या देशातला वादक मऊ घ्या म्हणतो ते त्याच्या हवेपुरते खरे. आपल्याकडे मे महिन्यात मऊ राळ काकवीसारखी वाहते. मी एकदा एस.टी.त ती पिशवीत आडवी ठेवली. उतरेपर्यंत ती डबी सोडून माझ्या इतिहासाच्या वहीत शिरली होती, आणि मराठा कालखंडाची आठ पाने आजही उघडत नाहीत. म्हणून सांगते, किनाऱ्यावर मध्यम किंवा कडक बेसची वडी घ्यावी, डबी सपाट आणि सावलीत ठेवावी, आणि नावाच्या मोहात पडू नये.

कोणी म्हणेल, खरा कलावंत असल्या गोष्टींवर अडत नाही. हे वाक्य बहुधा ज्यांना वाजवायचे नसते तेच बोलतात. सर तीस-चाळीस वर्षे वाजवीत होते, आणि वडी मात्र दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. मी रियाज कमी केला होता हेही खरे. ते मी नाकारीत नाही. पण रियाज वाढवूनही ती शीळ गेली नव्हती, आणि वडी बदलल्यावर पहिल्याच संध्याकाळी गेली. त्या संध्याकाळी खोलीच्या खिडकीची काच खालच्या सुराबरोबर थरथरली, तेव्हा मला रडू आले. वर्षभर मी स्वतःलाच बेसूर समजत होते.

स्नेहसंमेलनाच्या अंदाजपत्रकात कमानीला, फुलांना, पाहुण्यांच्या शालीला रक्कम असते. तिथेच राळेच्या एका वडीला आणि गजाचे केस बदलण्याला जागा मिळावी, एवढी माझी मागणी आहे. वाद्य विकायचे की नाही हे समितीने त्यानंतर ठरवावे. ग्रंथालयाशेजारच्या खोलीत ते अजून उभे आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी चारनंतर मी तिथे असते. मत देणाऱ्यांनी आधी एकदा येऊन ऐकावे.