नाका त्यांचा, भुर्दंड आमचा!

‘आता बायकांच्या हातात मोबाइल आला, नेट आले, आणखी काय हवे?’ असे सभांमधून आणि सरकारी कार्यालयांतून सर्रास ऐकू येते. असे म्हणणाऱ्यांनी रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या कुठल्याही कोळीवाड्यात, पॅक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी यावे. फोन हातात असतो, टॉवर समोर दिसत असतो, आणि नेट बंद असते. टॉवर गावात आला म्हणजे नेट बाईपर्यंत पोहोचले असे नाही. मध्ये एक नाका आहे. तो कोणाच्या सोयीने चालतो, हे आपण विचारलेच पाहिजे.

फोनमधून निघालेला फोटो किंवा भरलेला फॉर्म थेट जगात जात नाही. टॉवरवरून तो कंपनीच्या एका यंत्रणेकडे जातो. तिला गेटवे म्हणतात. जुन्या जकात नाक्यासारखाच हा नाका. आत कोणाला सोडायचे, कोणाला आधी वाट द्यायची आणि कोणाकडून किती वसूल करायचे, हे तिथे ठरते. तुमच्या नावावर किती डेटा शिल्लक आहे हे हिशेबाच्या यंत्राला विचारले जाते आणि तेवढाच सोडला जातो. तो संपला की वेग उतरतो, मुदत संपली की वाट बंद. यंत्राला राग-लोभ नसतो हे खरे. पण यंत्रात भरलेले नियम माणसांनी केलेले असतात. ते करताना कोणाचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवले होते?

आमच्या बायांचे तर नक्कीच नाही. रोजचा दीड जीबी मध्यरात्री संपतो, उरलेला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. रोज संध्याकाळी सिनेमे पाहणाऱ्याला हे माप सोयीचे. बाईची गरज अशी रोज सारखी नसते. आठ-दहा दिवस तिला फोन लागतो तो बोलण्यापुरता, आणि एखाद्या दिवशी योजनेचा फॉर्म, मुलीचा प्रवेश, दाखल्याचे कागद हे सगळे एकदम येते. नेमका त्या दिवशी घरातला एकुलता एक फोन आधी नवऱ्याच्या आणि मुलाच्या हातात फिरलेला असतो. कोटा संपला की अनेक पॅकमध्ये वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगाने दोन एमबीचा एक फोटो चढवायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर सरकारी संकेतस्थळाची मुदत संपून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात विचारले, तेव्हा इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३८ होत्या आणि पुरुष ६१. ही दरी बायकांच्या अज्ञानाची आहे असे म्हणून प्रशिक्षण शिबिरे भरवली जातात. शिबिरे हवीतच. पण फोन कोणाच्या नावावर आणि रिचार्ज कोणाच्या खिशातून, हा प्रश्न शिबिराने सुटत नाही.

आता पैशाचे बघू. महिना तीस दिवसांचा, पॅक २८ दिवसांचा. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये जिओने रोज दीड जीबीच्या २८ दिवसांच्या पॅकची किंमत २३९ वरून २९९ रुपये केली. तेरा वेळा २९९ म्हणजे ३,८८७ रुपये. लाडकी बहीण योजनेचे दीड हजारांचे अडीच हप्ते यातच जातात! जून-जुलैत मासेमारी बंद असते, कोळीणबाईच्या टोपलीत मासळी नसते, घरात कमाई नसते. पॅकची मुदत मात्र बंदी पाळत नाही.

‘नको असेल तर घेऊ नका,’ असे म्हणायची सोयही आता उरलेली नाही. पूर्वी थोडे पैसे टाकले की येणारे फोन महिनोन्‌महिने चालत. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. मुदत संपून काही दिवस गेले की येणारे फोन आणि मेसेजही बंद होतात. आणि ओटीपी येतो तो याच मेसेजच्या वाटेने. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला. हक्काच्या दीड हजारासाठी बाईला दोन दारे ओलांडावी लागली. एक घरातल्या पुरुषाचे, दुसरे कंपनीचे.

अंगणवाडी सेविकांची कथा वेगळी नाही. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल महाराष्ट्रातल्या सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये परत केले, ते आंदोलन आपल्याला आठवत असेल. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवणे बंधनकारक झाले. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या अलिबाग, काशीद, मुरूडला लोटल्या की रेंज असूनही नेट पुढे सरकत नाही. टॉवरवर गर्दी झाली की गरोदर बाईचा आहार आणि हॉटेलातला व्हिडिओ एकाच रांगेत उभे!

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो. काही ठरावीक संकेतस्थळे कंपनीनेच फुकट द्यावीत. मैत्रिणींनो, इथे सावध राहायला हवे. ‘फ्री बेसिक्स’च्या नावाखाली फेसबुकला हेच करायचे होते. गरिबाला फुकट काय दिसावे हे कंपनीने ठरवायचे! देशभरातल्या लाखो लोकांनी हरकती घेतल्या आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली. ती बंदी आपण टिकवली पाहिजे. बाईने फक्त सरकारी फॉर्म पाहावा, बाकीचे जग पैसेवाल्यांनी पाहावे, ही वाटणी आपल्याला मान्य नाही.

मग मागायचे काय? १९ डिसेंबर २०१६ रोजी खुद्द ट्रायनेच शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकाला महिन्याला सुमारे १०० एमबी डेटा मोफत द्यावा, तो कुठेही वापरता यावा, आणि खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून व्हावा. या निधीत कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के जमा होतात. आज त्याचे नाव डिजिटल भारत निधी आहे. नाव बदलले, गावातल्या बाईच्या खात्यावर तो डेटा काही आला नाही.

तेव्हा आपल्या मागण्या अशा :

ओटीपी आणि येणारे फोन मुदत संपल्यावरही निदान सहा महिने चालू राहिलेच पाहिजेत.

प्रत्येक ग्रामीण स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावावर, कुठेही वापरता येईल असा मोफत डेटा द्या. १०० एमबीचा आकडा २०१६ चा आहे, तो आजच्या गरजेनुसार वाढवा.

रोजचा उरलेला डेटा पुढे मिळालाच पाहिजे.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि मेसेज यांचे पॅक सक्तीचे केले, पण जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी आणले ते ८४ दिवसांचे आणि वर्षाचे, म्हणजे एकदम चारशेच्या वर. रोजच्या विक्रीवर घर चालवणारीला परवडेल असा लहान पॅक हवा.

सेविकांना रिचार्जचा पूर्ण खर्च आगाऊ मिळालाच पाहिजे.

वादळाच्या काळात नाके उघडे ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथल्या गावांचा जगाशी संपर्क तुटला होता. २०२३ च्या बिपरजॉय वादळात गुजरातच्या किनाऱ्यावर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवरून बोलता येईल अशी सोय दूरसंचार खात्याने केली. आणीबाणीत दर कमी करायला ट्रायच्या २०१६ च्या नियमांतही मुभा आहे. म्हणजे अडचण यंत्राची नाही, इच्छेची आहे.

ट्राय कुठलाही नियम करण्याआधी लोकांच्या हरकती मागवते. आजवर तिथे कंपन्यांचे वकील बोलतात. पुढच्या ग्रामसभेत आणि बचत गटाच्या बैठकीत या मागण्यांवर ठराव करा, सह्या घ्या, पाठवा. सरकारने आपले हक्क मोबाइलमध्ये नेऊन ठेवले आहेत. तिथवर जायची वाट मोकळी करून घेणे हा आता स्त्रीमुक्तीच्याच लढ्याचा भाग आहे.