स्वभावाला राजकारण असते काय?

मागील वर्षीच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात एक प्रसंग घडला. बुद्धवंदना आटोपून आम्ही सारे भोजनगृहाकडे निघालो, तेव्हा माझ्याच तुकडीतील दोन मित्र एकमेकांना टाळून दोन निरनिराळ्या पंगतींत जाऊन बसले. वसतिगृहाच्या दिवसांत एकाच पत्र्याच्या पेटीत दोघांचे कपडे ठेवणारी ही मुले! निवडणुकीच्या आधी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने दुसऱ्याला 'गद्दार' म्हटले, दुसऱ्याने त्याला 'अंधभक्त' म्हणून परतफेड केली आणि तेव्हापासून दोघांत अबोला आहे. मी मध्यस्थीची भाषा करू लागलो तेव्हा शेजारी बसलेला एक सोबती सहज म्हणाला, "सोड ना. ज्याचा त्याचा स्वभाव. कोण कुठं जाणार ते आपल्याला नववीतच कळलं होतं."

हे वाक्य मला फार खटकले. खटकण्याचे एक कारण असे की, आयुष्यभर महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविताना हेच वाक्य मी जरा पंडिती भाषेत कितीदा तरी उच्चारले आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची झडती घ्यावी असे वाटले.

आधी शास्त्र काय म्हणते ते सांगितले पाहिजे. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा शब्दकोश पिंजून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचून काढले. पुढच्या अनेक दशकांत त्या ढिगाला चाळणी लागत लागत पाच गुणविशेष उरले : नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा असे आढळले की, नवतेची ओढ असणारे लोक बदलवादी राजकारणाकडे झुकतात, तर शिस्त आणि नेटकेपणा जपणारे लोक परंपरावादी पक्षांकडे. हे खोटे नाही. परंतु हा संबंध किती, हे सांगताना आम्ही प्राध्यापक मंडळी आवाज जरा खाली आणतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता मोकळेपणा आणि राजकीय मत यांतील सहसंबंध ०.२ च्या आसपास भरतो, शिस्तप्रियतेचा तर ०.१ च्या आसपास. सोप्या भाषेत सांगायचे तर माणसामाणसांतील मतभेदाचे शंभर हिस्से केले, तर त्यांतील जेमतेम तीन-चार हिस्से मोकळेपणाच्या पदरात पडतात आणि शिस्तप्रियतेच्या वाट्याला एखादा. बाकीच्यांचा हिशेब दुसरीकडे मांडावा लागतो.

या क्षेत्रातील घसरगुंडीचा इतिहासही जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बर्कली येथे एक मोठा अभ्यास केला. ज्यूद्वेषाला सामान्य माणूस बळी कसा पडतो, हा त्यामागचा प्रश्न अत्यंत कळकळीचा होता. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने 'अधिकारशाही व्यक्तिमत्त्वा'ची कल्पना जगापुढे मांडली. पण त्यांच्या प्रसिद्ध मोजपट्टीतील सारी विधाने अशी रचलेली होती की, 'सहमत' म्हणणाऱ्याचे गुण वाढत जात. म्हणजे ज्याला विचारणाऱ्यापुढे मान डोलावण्याचीच सवय, तो बिचारा आपोआप हुकूमशाहीवादी ठरे! वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ही चूक क्षणात उमगावी. अधीक्षकांनी काहीही विचारले तरी 'हो सर' म्हणणारे आपण सारेच त्या कसोटीत पैकीच्या पैकी गुण मिळविले असते.

याहून मासलेवाईक घटना अलीकडची आहे. २०१२ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य राज्यशास्त्रीय नियतकालिकात स्वभाव आणि राजकीय मत यांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे ध्यानात आले की, मतांचे आकडे भरताना दिशाच उलटी धरली गेली होती. जे परंपरावाद्यांविषयी लिहिले ते उदारमतवाद्यांना लागू होते आणि उदारमतवाद्यांविषयीचे परंपरावाद्यांना. २०१६ साली दुरुस्ती छापावी लागली. मला या कथेत आकड्यांच्या चुकीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो निष्कर्ष उलटा असूनही काही वर्षे बहुतेकांना पटत राहिला. समोरच्या पक्षाच्या स्वभावाविषयी वाईट ऐकायला आपण इतके उत्सुक असतो.

सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळात तेथे झालेल्या अभ्यासात एक बोलकी गोष्ट दिसली. अमेरिकेत ज्या घडणीचा माणूस भांडवलशाहीचा कैवार घेतो, त्याच घडणीचा माणूस मॉस्कोत साम्यवादाचा कडवा पाठीराखा होता. दोघांचा स्वभाव एकच : आपल्या समाजात जे मान्य आहे त्याला घट्ट धरून राहणे. फरक होता तो काय मान्य आहे याचा.

आपल्यासारख्या निवासी शाळेच्या लोकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावा, असा एक अभ्यास अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजात झाला. मुलींसाठीचे हे निवासी कॉलेज १९३२ साली सुरू झाले. विद्यार्थिनी बहुतेक सधन, परंपरावादी घरांतल्या, तर प्राध्यापकवर्ग तरुण आणि पुरोगामी. थिओडोर न्यूकम या समाजमानसशास्त्रज्ञाने तेथे शिकविता शिकविता चार वर्षे या मुलींच्या मतांचा मागोवा घेतला. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे लँडन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे रूझवेल्ट आमनेसामने होते. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्के लँडन यांच्या बाजूच्या होत्या, म्हणजे आपल्या आईवडिलांच्याच बाजूच्या. वरच्या दोन वर्गांत मात्र लँडन यांना मानणाऱ्या मुली १५ टक्क्यांच्या आसपास उरल्या होत्या. कॉलेजात शिरताना या मुली घरची मते बरोबर घेऊन आल्या होत्या आणि दोन-तीन वर्षांच्या सहवासाने त्यांतील बहुतेकींची मते बदलली.

मग स्वभावाचे काय? न्यूकम यांनी स्वभाव नाकारला नाही. काही मुली बदलल्या नाहीत, त्यांतल्या कोणी घराशी फार बांधलेल्या होत्या, कोणी कॉलेजच्या जीवनात मिसळल्याच नव्हत्या. पण बदललेल्या मुलींविषयीचे त्यांचे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. त्या कॉलेजात पुरोगामी मताला प्रतिष्ठा होती. कॉलेजचे प्रतिनिधित्व कोणी करावे असे विचारले, तर मैत्रिणी पुरोगामी मुलींचीच नावे घेत. त्यामुळे चारचौघांत मान मिळावा, आपण सगळ्यांतले एक असावे, अशी ओढ असणारी मुलगीसुद्धा तेथे पुरोगामी होत होती. तीच मुलगी दुसऱ्या कॉलेजात गेली असती, तर त्याच ओढीने उलट बाजूला गेली असती! सुमारे २५ वर्षांनी न्यूकम यांनी या स्त्रियांना पुन्हा गाठले. पुष्कळजणींची मते टिकून होती आणि ती टिकण्यात पती, मित्रमंडळी, शेजार यांचा वाटा मोठा होता. ज्यांना पुढे समविचारी सोबत मिळाली नाही, त्यांपैकी काही हळूहळू माघारी गेल्या.

हे वाचताना मला आपल्या घरांची आठवण होते. पाश्चात्त्य मोजपट्टीत 'परंपरा जपणारा' म्हणजे जुन्या व्यवस्थेचा पाठीराखा. आपल्या वस्तीत परंपरा जपणारी आजी कोण? पौर्णिमेला विहारात न चुकता जाणारी, बावीस प्रतिज्ञांतली एकही मोडू न देणारी, लग्नपत्रिकेवर जुन्या देवाचे चित्र दिसले तर ती पत्रिका परत पाठविणारी. स्वभावाने ती शिस्तीची, रूढीची, बदलाला नाखूश. आणि ती जी परंपरा सांभाळते ती मात्र विसाव्या शतकातील एका मोठ्या बंडाची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांत भित्रे होते, धीट होते, आज्ञाधारक होते, भांडखोर होते. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून एकवीस वर्षे त्या समाजात बोलणे, वाद, विचार चालू होता. ते काम कोणत्याही एका स्वभावाच्या माणसांनी केले नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, शब्दकोशातून स्वभाव वेचले गेले, बेनिंग्टनच्या मुलींनी कौल दिला, त्याच १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने ऐनवेळी निमंत्रण रद्द केल्याने न झालेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. वर्ण जन्माने नव्हे, गुणकर्माने ठरवावेत, असे म्हणणाऱ्या सुधारकांचा समाचार त्यात आहे. माणसांच्या वृत्ती अगणित आहेत, त्यांना तीन-चार कप्प्यांत कोंबणे हा उथळ विचार आहे, असा युक्तिवाद करताना बाबासाहेबांनी प्लेटोलाही सोडले नाही. म्हणून कोणी मला सांगू लागला की, अमुक स्वभावाची माणसे अमुक पक्षाचीच, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका ही येते की, हा जुनाच कप्पा नव्या पाट्या लावून विकतो आहे काय?

याचा अर्थ स्वभाव पाहूच नये, असा नाही. बौद्ध परंपरेने तो फार बारकाईने पाहिला आहे. आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात माणसाचे सहा प्रकार सांगितले आहेत : रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. (गोव्यात जन्मलेल्या आचार्य धर्मानंद कोसंबींनी याच ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डमध्ये वर्षे घालविली.) माणूस चालतो कसा, जेवतो कसा, एवढेच नव्हे तर अंगण झाडतो कसा, यावरून त्याचा स्वभाव ओळखण्याच्या खुणा तेथे दिल्या आहेत. रागचरित माणूस खराटा नीट धरून, घाई न करता, सारखे झाडतो. द्वेषचरित माणूस तो आवळून धरतो आणि दोन्ही बाजूंना माती उडवीत, खरखर आवाज करीत जातो. मोहचरिताच्या हातात खराटा सैल असतो आणि केर आहे तेथेच कालवला जातो. वसतिगृहातील सकाळची सफाईची पाळी ज्याने पाहिली आहे, त्याला बुद्धघोष आपल्याच शाळेत येऊन गेले की काय, असे वाटेल!

पण तेथे दोन गोष्टी अशा आहेत ज्या आमच्या प्रश्नावल्यांत नसतात. पहिली म्हणजे, या खुणा मूळ ग्रंथांत पूर्णपणे आलेल्या नाहीत, आचार्यांचे मत म्हणून सांगितल्या आहेत आणि त्यांच्यावर सर्वस्वी विसंबू नये, असे बुद्धघोष स्वतःच बजावतात. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ते द्वेषचरित आणि बुद्धिचरित यांना शेजारी बसवितात. दोघेही दोष शोधणारे. द्वेष नसलेले दोष शोधतो, प्रज्ञा असलेले दोष पाहते. तसेच राग आणि श्रद्धा यांचे. म्हणजे स्वभावाचा वेग तोच राहतो, त्याला वळण कोणते मिळते यावर सारे अवलंबून. स्वभाव ओळखायचा तो कोणाला कोणते ध्यान मानवेल हे ठरविण्यासाठी. मार्गावरून कोणाला वगळण्यासाठी नव्हे.

आता त्या दोन मित्रांविषयी. नववीत असताना मी सफाईप्रमुख होतो. त्यांतला एक आखून दिलेला पट्टा एका रेषेत झाडी, कधी प्रश्न विचारीत नसे. आम्ही त्याला 'होयबा' म्हणत असू. दुसरा धुरळा उडवी, पाळी का लावली म्हणून माझ्याशी भांडे आणि साऱ्या वसतिगृहाचा तो लाडका बंडखोर होता. वक्तृत्व स्पर्धेसाठी नावे सुचवायला सांगितली, तेव्हा मी वहीत 'होयबा'च्या नावापुढे 'पुढारीपणा नाही' असे लिहून त्याचे नाव कापले. आज तो कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेचे काम पाहतो. प्रत्येक पावती, प्रत्येक तारीख, प्रत्येक अर्जाची पोच त्याच्या फायलीत त्याच एका रेषेत लावलेली असते आणि त्या फायलींपुढे अधिकारी नरम पडतात. आमचा बंडखोर एका नेत्याच्या मागे गेला. तो अजून भांडतो, जोरात भांडतो, परंतु त्या नेत्याविषयी साधा प्रश्न विचारलेला त्याला सहन होत नाही. राजकारणातील भक्तीचा शेवट कशात होतो, याचा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा आम्ही दोघांनी एकाच बाकावर बसून पाठ केला होता. 'गद्दार' हा शब्द त्याने वापरला होता, 'अंधभक्त' हा दुसऱ्याने. सांगायला संकोच वाटतो, पण नेत्यांविषयीच्या बहुतेक प्रश्नांत मी आजही बंडखोराशी सहमत आहे. प्रश्न विचारणाऱ्याला तो ज्या रीतीने झिडकारतो, तेवढे मला पटत नाही.

शाळेच्या व्यवस्थापनाला माझी एक विनंती आहे. दर शनिवारच्या सभेत एक विषय घ्यावा आणि कोणी कोणत्या बाजूने बोलायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आज्ञाधारक मुलाला विरोधाची चिठ्ठी येऊ द्या, भांडकुदळ मुलाला समर्थनाची. बोलून झाल्यावर प्रत्येकाने समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावा, मगच खाली बसावे. नावे सुचविण्याचे काम मात्र माझ्यासारख्या सफाईप्रमुखाकडे देऊ नये.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काही जुनी मुले विहारासमोरचे अंगण झाडायला उतरली. ते दोघेही होते. पन्नाशी उलटली तरी खराटा धरण्याची रीत दोघांचीही तीच. एकाने उडविलेला धुरळा दुसऱ्याच्या झाडलेल्या पट्ट्यावर जाऊन बसला. त्याने वर पाहिले, "अजून तसाच झाडतोस का रे?" एवढेच म्हणाला आणि पट्टा पुन्हा झाडू लागला.