सुटींतील मुलें आणि रानाची भीति

सुटी लागली म्हणजे मुलांस कोंकणांतील घरीं धाडावें कीं नाहीं, हा प्रश्न अनेक कुटुंबांत निघतो. ‘तेथें सर्प आहेत, विंचू आहेत, मुलें येथेंच खोलींत बसलेलीं बरीं,’ असें आजी म्हणते आणि विषय तेथेंच संपतो. आजीची भीति निराधार आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु खोलींत बसणें निरुपद्रवी असतें, ही समजूत मात्र तपासून पाहावयास हवी.

चीनमधील ग्वांगझू शहरांतील १२ शाळांत पहिल्या इयत्तेच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांस शाळेच्या प्रत्येक दिवशीं ४० मिनिटें अधिक उघड्यावर नेलें. तीन वर्षांत त्यांपैकीं शेंकडा सुमारें ३० मुलांस दूरचें अंधुक दिसण्याचा दोष जडला; इतर शाळांत हेंच प्रमाण शेंकडा सुमारें ४० होतें. भरपूर उजेडानें नेत्रगोलाची अवाजवी वाढ रोखली जाते, असें शास्त्रज्ञ मानतात. वडील मंडळींसहि यांतून वगळतां येत नाहीं. आठवड्यांतून दोन तास तरी बागेंत वा रानांत घालविणारे लोक आपली प्रकृति व मन:स्थिति चांगली असल्याचें अधिक प्रमाणांत सांगतात, असें इंग्लंडांतील सुमारें २०,००० लोकांच्या २०१९ सालच्या पाहणींत दिसलें. जे मुळांतच धडधाकट तेच अधिक हिंडत असतील, ही शंका तेथें उरते. ती विसरूं नये.

आतां विंचवासर्पांविषयीं. कोंकणांतील तांबड्या विंचवाचा दंश लहान मुलांस प्राणघातक ठरूं शकतो, हें खरें. परंतु महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं १९८० च्या दशकांत प्राझोसिन या रक्तदाब उतरविणाऱ्या औषधाचा त्यावर उपयोग दाखवून दिला आणि पुष्कळांचे प्राण वांचले. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि सर्पांच्या विषावर चालणारें एकच प्रतिविष आज उपलब्ध आहे. घात होतो तो बहुधा विलंबानें. मांत्रिकाकडे धांवणें, दंशावर चीर देणें, वर करकचून दोरी बांधणें, यांत मोलाचा वेळ जातो व इजाहि वाढते. दंश झालेला अवयव हलूं न देतां रोग्यास थेट रुग्णालयांत न्यावें.

म्हणून मुलें धाडण्यापूर्वीं जवळच्या कोणत्या रुग्णालयांत प्रतिविष मिळतें, याची चौकशी करून ठेवावी. पादत्राण झटकून घालणें, रात्रीं विजेरीवांचून अंगणांत न उतरणें, दगडांच्या वा लाकडांच्या राशींत हात न घालणें, हे तीन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावे. मग त्यांस खुशाल धाडावें. आणि आजीनेंहि बरोबर जावें, हें उत्तम.