नोंद न ठेवलेली चित्रफीत

आमच्या धर्मग्रामातील एका दिवंगत फादरांच्या रौप्यमहोत्सवी मिस्साची फीत गेल्या महिन्यात आम्ही पाहावयास बसलो. ६० मिनिटांची ती जुनी डीव्ही फीत मागेच संगणकावर उतरवून, आकाराने लहान करून ठेविली होती. गीते झाली, प्रवचन झाले, आणि ५२ व्या मिनिटास चित्र एकाएकी संपले. फादरांनी आपल्या वृद्ध मातेस वेदीपाशी बोलावून तिचा आशीर्वाद घेतला, तो प्रसंग उरलेल्या आठ मिनिटांत होता. मूळ फितीस बुरशी लागलेली. उतरविलेली पहिली फाइल ‘काम झाले’ म्हणून पुसून टाकलेली. हे काम करणारे आम्हीच होतो, हे कबूल केलेले बरे.

रात्री रूपांतर लावून आम्ही निजलो आणि सकाळी पडद्यावरील इंग्रजी ओळी न वाचताच खिडकी बंद केली. हार्डडिस्क त्या दिवसांत काठोकाठ भरली होती, एवढे आठवते. म्हणून जागा संपली असावी असा तर्क. नोंद असती तर तर्काची गरज नव्हती.

अशी नोंद ठेवावयास कष्ट नाहीत. एफएफएमपेग या विनामूल्य साधनास आज्ञा देताना आडव्या रेघेसह ‘रिपोर्ट’ हा शब्द जोडला की दिनांक व वेळ यांच्या नावाने मजकुराची एक फाइल आपोआप तयार होते. हॅण्डब्रेकमध्येही कामाचा वृत्तान्त पाहावयास मिळतो. त्यात साधनाची आवृत्ती, दिलेली आज्ञा, मूळ फाइलचे स्वरूप, गळलेल्या वा दुबार झालेल्या चौकटी, सारे असते. आपल्याकडील डीव्ही फितीत सेकंदास २५ चौकटी. तासाच्या ९०,००० व्हावयास हव्यात. आमच्या नोंदीत ७८,००० च्या आसपास आकडा दिसला असता, आणि पहिली फाइल आम्ही पुसली नसती!

खरे तर नोंदवहीचे महत्त्व आम्हां कॅथलिकांस कुणी शिकवावे असे नाही. वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस व स्थळ धर्मगुरूंनी पुस्तकात लिहून ठेवावे, असे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्येच ठरविले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ५३५ वे कलमही प्रत्येक धर्मग्रामास स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवावयास सांगते. लग्नाची नोंद जपणारे आम्ही, लग्नाच्या फितीची मात्र जपत नाही.

तथापि नोंद निर्दोष म्हणून चित्र निर्दोष, असे मानू नये. चुकीचा ध्वनिमार्ग निवडला तरी यंत्र ‘ठीक’ म्हणूनच लिहिते. तेव्हा फीत शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहावी, नोंद त्याच नावाने तिच्याशेजारी ठेवावी, आणि मगच मूळ फाइलकडे वळावे.

त्या मिस्साचे चित्रण कुणा वाचकाच्या घरी असल्यास ते आम्हांस द्यावे. आठच मिनिटे हवी आहेत.