५२ कोटींचे केळे

भिंतीवर चिकटपट्टीने चिकटवलेले केळे ५२ कोटी रुपयांना विकले गेले, असे कुणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण हे घडले आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात मौरिझियो कातेलान या इटालियन कलावंताची ‘कॉमेडियन’ ही कलाकृती ६२ लाख डॉलरला गेली. कलाकृती म्हणजे एक केळे आणि एक चिकटपट्टी!

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. कच्चा माल, मजुरी आणि नफा मिळून किंमत होते, असे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. ते गणित इथे लागू पडत नाही. मग किंमत ठरते कशी?

मुळात घेणाऱ्याने केळे घेतलेच नाही. केळे सडते, ते बदलायचेच असते. त्याने घेतला तो कागद. ही कलाकृती अस्सल असल्याचे प्रमाणपत्र, आणि ती कशी लावायची याच्या सूचना. कागद नसेल तर तेच केळे बाजारातले साधे केळे ठरते.

दुसरे कारण टंचाई. अशा फक्त ३ प्रती विक्रीला होत्या. २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात पेरोतां या नामांकित गॅलरीने पहिल्या प्रतीची किंमत १ लाख २० हजार डॉलर ठेवली. तिथे एका दुसऱ्या कलावंताने भिंतीवरचे केळे काढून खाल्ले. नुकसान काहीच झाले नाही. दुसरे केळे लावले, आणि बातमी जगभर गेली. पुढे एक प्रत न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात पोचली. कलावंताचे नाव, गॅलरी, वर्तमानपत्रे, संग्रहालय, प्रत्येकाने आपापला शिक्का मारला. मग लिलावात हट्टाला पेटलेले दोन-चार धनवान पुरेसे होतात. अंदाज १० ते १५ लाख डॉलरचा होता. आभासी चलनाचे व्यापारी जस्टिन सन यांनी तो कितीतरी पटीने ओलांडला.

आता पैसा कुणाला मिळाला ते पाहा. बोली ५२ लाख डॉलरची होती. वरचे १० लाखांहून अधिक डॉलर लिलावगृहाचे शुल्क. बोलीची रक्कम प्रत विकणाऱ्याच्या वाट्याची. फेरविक्रीत कलावंताला हिस्सा द्यावा, असा कायदा अमेरिकेत नाही. आणि ते केळे? ते जवळच्याच फळगाडीवरून ३५ सेंटला, म्हणजे तीसेक रुपयांना आणलेले. गाडीवर उभा होता तासाच्या मजुरीवर राबणारा एक वृद्ध स्थलांतरित.

हे दुखणे जुनेच आहे. रॉबर्ट रॉशनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने १९५८ साली ९०० डॉलरला विकलेली कलाकृती १९७३ च्या लिलावात ८५ हजार डॉलरला गेली. चित्रकाराच्या हाती एक पैसाही आला नाही.

आपल्या देशात मात्र याबाबत तरतूद आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन १० हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत कलावंताचा किंवा त्याच्या वारसांचा हिस्सा असू शकतो. तो १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. पण पुरावाच नसेल तर हिस्सा मागणार कशाच्या आधारावर?

म्हणून घरात कुणी चित्र काढत असेल, मूर्ती घडवत असेल, तर एवढे कराच. प्रत्येक कामावर सही आणि तारीख घाला. विकण्याआधी फोटो काढा. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि रक्कम लिहून दोघांच्या सहीची पावती ठेवा. केळ्याला ५२ कोटी मिळवून देणारा कागद आपल्या मुलांच्या कामालाही हवा.

आणि एक सांगतो. कुणी पोराचे चित्र पाहून “याला कोण विचारतो?” असे म्हटले, तर मनाला लावून घेऊ नका. बाजारातली किंमत म्हणजे गुणांची मार्कशीट नव्हे. कोणाच्या खिशात किती पैसा आहे आणि शिक्के कोणाच्या हाती आहेत, एवढेच ती सांगते.